शेणखत आणि युरियाचा हिशेब एकाच कागदावर मांडा

प्रति,
कोकणातील जिल्हा व तालुका कृषी अधिकारी, गावोगावचे कृषी सहायक, तसेच डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली येथील मृदशास्त्र आणि कृषिविद्या विषयांचे शास्त्रज्ञ यांस

विषय: सेंद्रिय व रासायनिक खतांच्या एकत्रित वापराविषयी, जांभ्या मातीचा आणि इथल्या पावसाचा विचार करून सल्ला मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

कोकणातल्या शेतकऱ्याला खताविषयी सल्ला देणारे आज दोन वेगळे गट आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, ही या पत्रामागची माझी मुख्य तक्रार आहे. सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यात गेलो, तर युरियाची गोणी घरात आणूच नका असे सांगितले जाते; खतांच्या दुकानात किंवा पिकांच्या तक्त्यात पाहिले, तर हेक्टरी किती किलो नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) द्यायचे याचे आकडे मिळतात आणि शेणखताचा उल्लेख वरच्या एका ओळीत उरकलेला असतो. प्रत्यक्षात मात्र माझ्या ओळखीतला जवळजवळ प्रत्येक शेतकरी दोन्ही खते वापरतो. त्याच्याकडे एक-दोन गुरे आहेत, गायरीत म्हणजे शेणाच्या खड्ड्यात साठलेले शेणखत आहे, बांधावर उंदीरमारी म्हणजे गिरीपुष्पाची झाडे आहेत आणि पडवीत युरियाची एक व सुफला या मिश्रखताची एक गोणी आहे. ही सगळी खते एकाच खाचरात जातात, पण कशामुळे कशाची मात्रा किती घटवायची, कशाआधी काय घालायचे आणि कशात काय मिसळायचे नाही, हे त्याला सलगपणे कोणीही सांगत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात भात आणि हापूस करणारा शेतकरी आहे आणि हे पत्र त्या मधल्या, संख्येने सर्वांत मोठ्या वर्गाच्या वतीने लिहीत आहे.

हा प्रश्न कोकणात इतर ठिकाणांपेक्षा अधिक नाजूक का आहे, हे आपणास माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरीही पुढचे सारे त्यावरच उभे असल्यामुळे थोडक्यात मांडतो. आपली जांभी माती आम्लधर्मी आहे, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर आहेत आणि तिच्यातील चिकणमाती अन्नद्रव्ये धरून ठेवण्याच्या बाबतीत फार दुबळी आहे. देशावरच्या काळ्या मातीत पालाश आणि कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटून राहतात, तसे इथे राहत नाहीत. त्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो नत्र आणि पालाश मुळांच्या खाली वाहून नेतो आणि जाता जाता मातीची आम्लता वाढवतो. अशा मातीत अन्नद्रव्य धरून ठेवण्याची जी काही ताकद असते, तिचा मोठा भाग कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून येतो. म्हणून इथे शेणखताकडे केवळ त्यात नत्र किती आहे या नजरेने पाहणे अपुरे ठरते, कारण गोणीतून दिलेले खत मातीत टिकवण्याचे कामही तेच करते.

हे माझे एकट्याचे मत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७०च्या सुमारास देशात निरनिराळ्या मातींवर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. त्यांपैकी रांची आणि पालमपूर येथील आम्लधर्मी मातींचे निष्कर्ष कोकणाने विशेष लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे केवळ नत्र दिले गेले, त्यांचे उत्पादन घसरत जाऊन जवळजवळ कोलमडले. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या पूर्ण मात्रेबरोबर शेणखत दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन सर्वांत चांगले टिकले. आणि रासायनिक खतांबरोबर चुना दिलेल्या वाफ्यांनीही चांगली साथ दिली. युरियातील नत्राचे मातीत नायट्रेट होताना आम्ल तयार होते. जी माती आधीच आम्लधर्मी आहे, तिथे त्याचा भार पिकाला लवकर जाणवतो. जी माती स्वतःहून काही सावरू शकत नाही, तिथे एकट्या युरियावर शेती चालवणे परवडत नाही, हे या प्रयोगांतून स्वच्छ दिसते. पण त्याच प्रयोगांत असेही दिसते की पूर्ण उत्पादनासाठी रासायनिक खताची जोड लागलीच, आणि ही दुसरी बाजू सेंद्रियच्या मेळाव्यांत सांगितली जात नाही.

आता मी ज्याला हिशेब म्हणतो, तो दहा गुंठ्यांच्या एका खाचराचा करून दाखवतो, म्हणजे माझी मागणी नेमकी काय आहे हे कळेल. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे दहा गुंठ्यांना, जे हेक्टरचा साधारण दहावा भाग होतात, १० किलो नत्र लागते. ते पूर्ण युरियातून द्यायचे, तर युरियात ४६ टक्के नत्र असल्याने सुमारे २२ किलो युरिया होतो. हेक्टरी साडेसात टनांच्या शिफारशीने याच खाचरात ७५० किलो शेणखत पडते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरले, तर त्यात पावणेचार किलो नत्र आहे. पण त्यातला अंदाजे एक तृतीयांश भागच पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतो, म्हणजे सव्वा किलो. त्याशिवाय चिखलणीच्या वेळी गुंठ्याला ३० किलोप्रमाणे ३०० किलो गिरीपुष्पाचा ओला पाला गाडला, तर वाळल्यावर तो ६० ते ७५ किलो भरेल आणि त्यात सुमारे दोन किलो नत्र असेल. हा पाला कोवळा आणि नत्रयुक्त असल्याने लवकर कुजतो, म्हणून त्यातले निदान निम्मे नत्र याच हंगामात मिळेल असे धरायला हरकत नाही. दोन्ही मिळून सव्वादोन ते अडीच किलो नत्र झाले, म्हणजे सुमारे पाच किलो युरिया वाचला. बावीसपैकी पाच.

हा आकडा मी मुद्दाम इतका उघडा करून मांडत आहे. सेंद्रिय खताच्या बाजूने बोलणाऱ्याला तो लहान वाटेल आणि रासायनिक खताच्या बाजूने बोलणारा त्यावरून शेणखताची खटपट कशाला असे विचारील. पण तो खरा आकडा आहे आणि शेतकऱ्याला खराच आकडा हवा असतो. पूर्ण १० किलो नत्र पहिल्याच हंगामात शेणखतातून मिळवायचे ठरवले, तर या दहा गुंठ्यांना सुमारे सहा टन शेणखत लागेल, आणि दोन गुरांच्या, त्यातही अर्धा दिवस चरायला बाहेर जाणाऱ्या गुरांच्या गोठ्यातून तेवढे कधीच निघणार नाही. पॉवर टिलर आल्यापासून बैल कमी झाले आणि बैलांबरोबर शेणही कमी झाले, हे प्रत्येक वाडीत दिसते. तेव्हा उरलेला १७ किलो युरिया लागणारच आहे. तो १७ किलो पिकाला लागू पडतो की व्हाळातून खाडीला जातो, हे मात्र त्या शेणखतावर, पाल्यावर आणि युरिया देण्याच्या वेळेवर ठरते. शिवाय शेणखतातला पालाश नत्रापेक्षा लवकर मिळतो, त्यामुळे म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचे खतही तीनेक किलोने कमी करता येते. आणि दरवर्षी शेणखत पडत राहिले, की मागच्या वर्षीचा न सुटलेला भाग पुढच्या वर्षी सुटत जातो आणि हिशेब हळूहळू शेतकऱ्याच्या बाजूने झुकत जातो. हे सर्व एका कागदावर, गुंठ्याच्या आणि घमेल्याच्या मापात छापून मिळावे, एवढेच मी मागत आहे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५पासून मिळू लागली आणि तिच्यावर बारा घटकांची तपासणी असते, हे मोलाचे काम आहे. पण मी पाहिलेल्या पत्रिकांवर शेणखताची मात्रा आणि रासायनिक खताची मात्रा शेजारी शेजारी असूनही, एक वाढले तर दुसरे किती कमी करायचे हे लिहिलेले नसते.

शेणखताबद्दल बोलताना गायरीकडे लक्ष वेधणे मला सर्वांत आवश्यक वाटते. आपल्याकडे गायरी बहुधा गोठ्यामागे उघड्यावर असते. आषाढात सलग आठवडाभर पाऊस लागला, की तिच्या खालच्या अंगाने चहाच्या रंगाचे पाणी झिरपू लागते आणि परसातून ओहोळाला मिळते. ते पाणी जिथून जाते तिथले गवत काळेभोर आणि कमरेएवढे वाढलेले असते, आणि चार हातांवर असलेल्या परसबागेतली मिरची पिवळी पडलेली असते. त्या पाण्यात विरघळलेला पालाश आणि नत्र हाच शेणखतातला लवकर मिळणारा भाग असतो. गुरांच्या मलमूत्रातील नत्राचा जवळजवळ निम्मा भाग आणि पालाशचा मोठा भाग मूत्रात असतो; गोठ्याची जमीन कच्ची असेल तर तो तिथेच मुरतो. पावसाळा संपेपर्यंत गायरीत जे उरते, ते दिसायला शेणखतच असते, पण वर केलेल्या हिशेबातला अर्धा टक्का नत्र त्यात उरलेला असेलच याची खात्री नसते. झावळ्यांचे, पेंढ्याचे किंवा पत्र्याचे एक साधे छप्पर, खड्ड्याभोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध, आणि गोठ्यात मूत्र शोषून घ्यायला पातेरा म्हणजे गळलेला पाला किंवा भाताचे तूस अंथरणे, एवढ्याने यातले बरेचसे वाचते. गांडूळखताच्या आणि नाडेप पद्धतीने कंपोस्ट करायच्या टाक्यांना योजनांतून साहाय्य मिळते, ते मिळावेच; पण कोकणात त्याआधी गायरीवरच्या छपराला साहाय्य मिळाले, तर त्याच पैशात अधिक घरांपर्यंत लाभ पोहोचेल असे माझे ठाम मत आहे.

याच गायरीत थरांवर सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत भुरभुरण्याचा सल्ला फार थोड्यांना माहीत आहे. त्याने शेणातून अमोनियाच्या रूपाने उडून जाणारे नत्र काही प्रमाणात धरले जाते, आणि दुसरा लाभ असा की स्फुरद सेंद्रिय पदार्थांच्या सोबतीने शेतात जाते. जांभ्या मातीत स्फुरद नुसते पसरले, तर लोह आणि ॲल्युमिनियम त्याला इतके घट्ट बांधून घेतात की पिकाच्या वाट्याला त्याचा लहानसा भाग येतो. कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतून निघणारी आम्ले त्याच लोह-ॲल्युमिनियमवरच्या जागा अडवतात, म्हणून शेणखतात मिसळून मुळांजवळ ओळीने किंवा चरात दिलेले सुपर फॉस्फेट जास्त काळ उपलब्ध राहते. सुपर फॉस्फेटमधून गंधक आणि कॅल्शियमही मिळते, जे डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतातून मिळत नाही. डीएपीची एक गोणी आणली की नत्र आणि स्फुरद दोन्हींचे काम झाले, या सोयीपोटी आपण हा लाभ सोडून देत आहोत. आंबा-काजूसारख्या झाडांना आम्लधर्मी मातीत रॉक फॉस्फेटही चालते, हेही शेतकऱ्यांना कळायला हवे.

कच्च्या सेंद्रिय पदार्थांविषयी मात्र सावधगिरीचा इशारा देणे आपले काम आहे, कारण सेंद्रिय म्हटले की ते निर्धोक, असा समज पसरला आहे. भाताचा पेंढा, तूस, आंब्याचा वाळलेला पातेरा यांत कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते. असा माल न कुजवता मातीत गाडला, तर तो कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतले नत्रच उचलतात आणि ऐन फुटव्यांच्या वेळी भात पिवळा पडतो. शेतकरी तेव्हा म्हणतो की सेंद्रिय करून पाहिले, जमत नाही. खरे तर अशा वेळी पेंढा लावणीच्या बऱ्याच आधी, पहिल्या नांगरटीला मातीत घालायला हवा, किंवा त्याच्या जोडीने गिरीपुष्पाचा पाला अथवा थोडा युरिया हवा. हीच ती जागा आहे जिथे रासायनिक खत सेंद्रिय खताच्या मदतीला येते. आंब्याखालचा पातेरा शिमग्याच्या सुमारास गोळा करून पेटवण्याऐवजी शेण, हिरवा पाला आणि थोडे सुपर फॉस्फेट यांच्यासह खड्ड्यात रचला, तर पुढच्या वर्षी तो झाडालाच परत देता येतो.

याच ओघात राबाचा विषय येतो आणि तो हळुवारपणे हाताळावा अशी विनंती आहे. रोपवाटिकेच्या जागी कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या, गोवऱ्या आणि पातेरा पसरून भाजावळ करण्याची पद्धत आमच्या वाडवडिलांनी निष्कारण घातलेली नाही. त्याने तणाचे बी जळते, माती मोकळी होते आणि राखेतून पालाश मिळतो, म्हणूनच राबावरचा तरवा (भाताची रोपे) जोमदार दिसतो. पण त्या जाळात कवळातले आणि शेणातले जवळजवळ सगळे नत्र आणि गंधकाचा मोठा भाग हवेत जातो आणि त्यासाठी डोंगरातली ऐन-किंजळाची झाडे दरवर्षी खरवडली जातात. केवळ राब बंद करा असे सांगून कोणी ऐकणार नाही. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख, कुजलेले शेणखत आणि मोजका युरिया देऊन वाढवलेला तरवा गावातल्याच एखाद्या शेतात राबावरच्या तरव्याशेजारी उभा करून दाखवला, तर मात्र लोक पाहायला येतील.

तुसाच्या राखेवरून चारसूत्री भातलागवडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीत सेंद्रिय आणि रासायनिक यांचा जो मेळ आहे, तो मला आजही या विषयावरचा सर्वांत समंजस विचार वाटतो. भाताचे तूस आणि पेंढा शेताला परत देणे, गिरीपुष्पाचा पाला गाडणे, १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतरावर नियंत्रित लावणी करणे, आणि चार चुडांच्या म्हणजे रोपांच्या जुड्यांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. एका ब्रिकेटचे वजन सुमारे २.७ ग्रॅम, हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट म्हणजे सुमारे १७० किलो खत. त्यातून हेक्टरी ५८ किलोच्या आसपास नत्र जाते, जे हाताने पसरून देण्याच्या १०० किलोंपेक्षा बरेच कमी आहे. कारण साधे आहे: पाण्यावर फेकलेला युरिया काही वाफेने उडतो आणि काही बांध फुटला की वाहून जातो, तर चिखलात खोल खोचलेल्या ब्रिकेटमधले नत्र हवा न पोहोचणाऱ्या थरात अमोनियमच्या रूपात टिकून राहते आणि मुळे त्याच्यापर्यंत सावकाश पोहोचतात. मजुरीचा प्रश्न आहे हे मी जाणतो. लावणीला माणसे मिळत नसताना ब्रिकेट खोचायला वेगळी माणसे कुठून आणायची, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ब्रिकेट खोचण्याचे हाताने ढकलायचे साधे यंत्र गावाच्या अवजार बँकेत असणे ही चैन नाही. त्याहून आधी, हव्या त्या वेळी ब्रिकेट तालुक्याच्या ठिकाणी मिळाव्यात. लावणी उलगडल्यावर त्यांचा काहीही उपयोग नाही.

भाताला नत्र तीन हप्त्यांत देता येते. लावणीला ४०, फुटव्यांना ४० आणि लोंबी पोटरीत असताना २० टक्के, अशी विभागणी असल्याने एखादा हप्ता पावसाने नेला तरी पुढचा हाती असतो. हापूसच्या कलमांना ही मुभा नाही. दहा वर्षांवरच्या कलमाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे सव्वातीन किलो युरिया आणि तीन किलो सुपर फॉस्फेट एका झाडाला पावसाच्या तोंडावर जाते. नत्र मागे ठेवून पावसाळा सरल्यावर द्यावे म्हटले, तर कोवळी पालवी फुटते आणि मोहर लांबतो. म्हणजे नत्र जूनमध्येच द्यायचे आणि पुढचे तीन महिने ते मुळांजवळ राखायचे, हाच एक मार्ग उरतो. कातळावरच्या बागांत तर ही गोष्ट अधिकच कठीण आहे, कारण तिथे कलम सुरुंगाने फोडलेल्या खड्ड्यात बाहेरून आणलेल्या मातीवर उभे असते आणि तेवढ्या मातीत जे टिकेल तेच त्याचे.

मी स्वतः माझ्या एका कलमाच्या दोन बाजूंना चर खणून पाहिला. ज्या अंगाला काही वर्षे शेणखतात मिसळलेले खत चरात देऊन वर पातेरा पसरला होता, तिथे वीतभर खोलीपर्यंत माती काळपट आणि ओलसर होती, हातात घेतल्यावर रवाळ सुटत होती आणि तिच्यात केसासारख्या पांढऱ्या मुळ्यांचे जाळे होते. दुसऱ्या अंगाला, जिथे मजुरांनी सोयीसाठी खत वरवर फेकून दिले होते, तिथे दोन बोटांखाली लाल, कठीण माती लागली आणि मुळ्या होत्या त्या जाड, तपकिरी आणि विरळ. एका झाडावरून सिद्धान्त निघत नाही, म्हणून मी आपणास असे विचारतो की कातळावरच्या आणि भरड जमिनीवरच्या बागांत शेणखतासह आणि शेणखताविना नत्र किती टिकते, याची पाहणी तालुक्यातालुक्यात बागायतदारांच्याच झाडांवर व्हावी. पॅक्लोब्युट्राझॉल हे झाडाची वाढ रोखून मोहर आणणारे रसायन देऊन दरवर्षी फळ घेतल्या जाणाऱ्या बागांना याची गरज सर्वांत जास्त आहे, कारण तिथे झाडाला विश्रांतीचे वर्ष मिळतच नाही.

काय कशात मिसळू नये, याविषयी एक ठळक फलक प्रत्येक सोसायटीत आणि दुकानात लावला जावा. युरिया ओल्या शेणात कालवून ढीग लावला, की शेणातल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) त्याचा अमोनिया होऊन उडतो. चुना किंवा चुलीतली राख युरियाबरोबर वा डीएपीबरोबर एकाच वेळी दिली तरी तेच होते. चुना द्यायचा तर दोन-तीन आठवडे आधी द्यावा. ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतात मिसळून द्यावेत, गोणीतल्या खतात नव्हे. घाटावरून ट्रकने येणारे कोंबडीखत ताजे असताना मुळांना इजा करते, ते कुजवूनच वापरावे. किनाऱ्यालगतच्या गावांत माडांना सुक्या मासळीची कुटी घालतात, तिच्यात नत्र आणि स्फुरद चांगले असते, पण मिठाचे प्रमाण पाहून ती पावसाच्या सुरुवातीलाच द्यावी. न कुजलेल्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते, हे मात्र बहुतेकांना ठाऊक आहे.

सेंद्रिय प्रमाणीकरण घेणाऱ्या गटांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या नियमांत रासायनिक खताला जागा नाही आणि ज्यांना तो बाजार मिळाला आहे त्यांनी तो नियम पाळावा हेच योग्य. पण प्रशिक्षण, सहली, साहित्य, टाक्या हे सर्व त्या गटांपुरते आणि उरलेल्यांना केवळ गोणी, अशी विभागणी झाल्याने बहुसंख्य शेतकऱ्यांकडे सेंद्रिय खत चांगले करण्याचे ज्ञान पोहोचतच नाही. ज्याला युरिया सोडायचा नाही, पण कमी करायचा आहे, त्यालाही प्रशिक्षणाच्या वर्गात बसण्याचा अधिकार असावा. सध्याची किंमतही त्याच्या विरुद्ध आहे: ४५ किलोंची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि शेणखत विकत घ्यायचे तर माल, टेम्पो आणि डोंगरावरच्या बागेत डोक्यावरून घमेली वाहण्याची मजुरी असा तिहेरी खर्च पडतो. युरियाची किंमत वाढवा असे मी म्हणत नाही. शेणखताच्या वाहतुकीला आणि गायरीच्या छपराला आधार द्या, असे म्हणतो.

विकतच्या सेंद्रिय खतांवर देखरेख वाढवणेही गरजेचे आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये कंपोस्ट आणि गांडूळखतासाठी सेंद्रिय कर्ब, ओलावा आणि जड धातूंची मानके ठरलेली आहेत, तरीही पृथक्करणाचा एकही आकडा नसलेल्या, केवळ हिरवी पाने छापलेल्या पिशव्या सर्रास विकल्या जातात. गेल्या हंगामात एका दुकानात मला युरियाची गोणी हवी तर अशा दोन पिशव्या घ्याव्याच लागतील असे सांगण्यात आले. असे लिंकिंग बेकायदेशीर आहे, आणि शिवाय त्यामुळे सेंद्रिय खत म्हणजे गळ्यात मारलेला माल अशी भावना शेतकऱ्याच्या मनात घर करते, जी पुसायला अनेक वर्षे लागतात. अशा पिशव्यांचे नमुने हंगामाच्या आधी तपासून निकाल तालुक्याच्या फलकावर लावावेत.

माझ्या मागण्यांत सर्वांत आधी तो कागद येतो. भात, हापूस, काजू आणि नारळ या चार पिकांसाठी, गुंठ्याच्या किंवा झाडाच्या हिशेबाने, इतकी घमेली शेणखत आणि इतके भारे पाला घातला तर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश यांची मात्रा किती राहील, हे विद्यापीठाने ठरवून द्यावे आणि कृषी सहायकांनी ते वाडीवाडीत वाचून दाखवावे. आमच्याकडे शेणखत शेतावर टाकण्याचे काम शिमग्यानंतर सुरू होते आणि मृग लागायच्या आत संपते, म्हणून तो फेब्रुवारीअखेर आमच्या हातात पडावा. माझ्या दहा गुंठ्यांच्या खाचरात आणि काही कलमांवर त्याची चाचणी घ्यायची असेल, तर जागा, शेणखत आणि नोंदी ठेवण्याचे कष्ट माझ्याकडून मिळतील. आमच्या वाडीतले आणखी शेतकरीही त्यासाठी तयार आहेत.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक भातशेतकरी व आंबा बागायतदार